वर्गणीदाराचा संशय

एखादी जुनी, आवडती गोष्ट काळाच्या ओघात बंद पडते. नाटक असेल, मासिक असेल, एखादा ग्रंथ असेल. पुष्कळ वर्षांनी तिचाच कर्ता पुढे येऊन म्हणतो, ‘ती मी पुन्हा उभी करतो, मात्र पैसे आधी द्या.’ अशा वेळी त्या गोष्टीवर प्रेम करणाऱ्यांचेच दोन तट पडतात. एक तट खिशात हात घालून मोकळा होतो. दुसरा हात आखडता घेतो आणि विचारतो, ‘हे होणार कसे, आणि न झाले तर?’ पहिल्यास दुसरा कृतघ्न वाटतो, दुसऱ्यास पहिला भाबडा. या दोघांपैकी नीतीच्या दृष्टीने योग्य कोण, हा प्रश्न वरकरणी किरकोळ दिसतो. आम्हांस तो तसा वाटत नाही.

या प्रश्नाचे अगदी अलीकडचे रूप आमच्या नातवंडांच्या जगात सापडते. पडद्यावर खेळावयाच्या व्हिडिओ गेमकडे आपल्या पिढीने कपाळाला आठ्या घालूनच पाहिले. परंतु त्यांतही अभिजात म्हणावी अशी जुनी कामे आहेत आणि त्यांचे निष्ठावंत रसिक आहेत. जपानमधील यू सुझुकी यांचा ‘शेनम्यू’ हा खेळ १९९९ साली आला आणि त्याचा दुसरा भाग २००१ साली. बापाच्या खुन्याचा शोध घेणाऱ्या एका तरुणाची ती कथा अर्ध्यावरच थांबली आणि पुढे चौदा वर्षे काहीच घडले नाही. २०१५ च्या जूनमध्ये सुझुकी यांनी तिसऱ्या भागासाठी ‘किकस्टार्टर’मार्फत जगभरच्या रसिकांना साद घातली. ६९ हजारांवर लोकांनी मिळून ६३ लाख डॉलर दिले. खेळ हाती आला तो २०१९ च्या नोव्हेंबरात.

त्यापूर्वी २०१३ साली केइजी इनाफुने यांनी असेच आवाहन केले होते. ‘मेगा मॅन’ या १९८७ पासूनच्या जुन्या खेळमालिकेशी त्यांचे नाव जोडलेले होते, आणि त्याच धाटणीचा ‘मायटी नंबर नाइन’ हा नवा खेळ त्यांना करावयाचा होता. सुमारे ६७ हजार लोकांनी ३८ लाख डॉलर दिले. २०१५ च्या एप्रिलचा वायदा होता. तो पुनःपुन्हा पुढे ढकलला गेला, आणि मधल्या काळात, पहिले काम हातावेगळे होण्याआधीच, याच गृहस्थांनी दुसऱ्या एका खेळासाठी लोकांपुढे झोळी पसरली. २०१६ च्या जूनमध्ये खेळ आला तेव्हा तो बहुतेकांस फिका वाटला. संशयवाद्यांना ‘आम्ही सांगत होतो’ म्हणावयास यापरते निमित्त कोणते हवे?

मराठी वाचकास यात हसण्यासारखे काही नाही. ‘प्रकाशनपूर्व सवलत’ हे शब्द वाचून मनीऑर्डर न केलेला मराठी वाचक विरळाच असेल. पुस्तक अजून छापावयाचे आहे, पैसे मात्र आज द्यावयाचे. परदेशातील किकस्टार्टर ही याच सवलतीची मोठी बहीण होय.

या प्रकारातील सर्वांत मोठा मराठी प्रयोग म्हणजे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने मराठीत विश्वकोश करावयाचे ठरविले तेव्हा मागे राजाश्रय नव्हता, विद्यापीठ नव्हते, हाताशी पुरेसे पैसेही नव्हते. नागपुरास ‘ज्ञानकोश मंडळ’ ही मर्यादित भांडवलाची कंपनी उभारून त्यांनी भाग विकले, गावोगाव वर्गणीदार मिळविले आणि जो ग्रंथ कोणीही पाहिलेला नव्हता त्याचे पैसे लोकांकडून घेतले. तेवीस खंडांचे काम एका माणसाच्या पुढाकाराने पुरे होईल का, अशी शंका तेव्हाच्या सुबुद्ध गृहस्थाने घेतली असेल तर त्यास दोष देणे कठीण आहे. आम्ही त्या काळी असतो तर बहुधा शंकाच घेतली असती. शासकीय सेवेत जन्म गेलेल्या माणसास अंदाजपत्रक पाहिल्यावाचून अन्न गोड लागत नाही.

ज्ञानकोश पुरा झाला. तेवीस खंड निघाले, आणि या शतकात तो संगणकाच्या महाजालावरही आला. तथापि आम्हांस खंडांच्या संख्येइतकीच मोलाची वाटते ती केतकरांनी अखेरीस केलेली दुसरी एक गोष्ट. ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोश मंडळाचा इतिहास’ हे पुस्तक त्यांनी लिहिले. ग्रंथ दिला, करार संपला, असे म्हणून त्यांना गप्प बसता आले असते. वर्गणीदारास वस्तू मिळाल्यानंतरही हकिकत सांगावयाची राहते, हे त्यांस उमगले होते.

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. हा आधी दिलेला पैसा नेमका कोणत्या जातीचा? दान म्हणावे तर दात्याने फळाची अपेक्षा ठेवू नये, आणि येथे तर पुस्तकाची किंवा खेळाची प्रत कबूल केलेली असते. खरेदी म्हणावी तर वस्तू अस्तित्वातच नसते. ऋण म्हणावे तर परतफेड नाही. केतकरांच्या कंपनीचे भागधारक निदान कायद्याने भागीदार होते. किकस्टार्टरवर पैसे देणाऱ्यास नफ्यातला कवडीचाही वाटा नसतो. आपल्याकडे यासाठी एक जुना, बिनचूक शब्द आहे, वर्गणी. गणपतीची वर्गणी देणारा मूर्ती विकत घेत नाही, मंडळावर उपकारही करीत नाही, आणि मंडप कोसळला तर पैसे परत मागावयासही जात नाही. परंतु हिशेब वाचून दाखवा, असे म्हणण्याचा त्याचा हक्क कोणी नाकारीत नाही.

वर्गणीचा हक्क असा यशावर नसतो. तो प्रयत्नावर आणि हिशेबावर असतो. या कसोटीवर पाहिले की इनाफुने यांचा खेळ फिका निघाला हा अपराध ठरत नाही. कलावंताचे काम फसते, उत्तमातल्या उत्तमाचेही फसते. पहिल्या कामाचा हिशेब मिटण्यापूर्वी दुसरी झोळी पसरणे हे मात्र वर्गणीच्या नीतीत बसत नाही. शेनम्यूच्या बाबतीतही लोक रागावले ते २०१९ साली, आणि राग खेळाच्या गुणावगुणांवर नव्हताच. संगणकावरचा खेळ ज्या महाजालीय दुकानातून मिळेल असे पैसे घेताना सांगितले होते, ते बाजूला सारून दुसऱ्याच दुकानाशी एक वर्षाचा करार केला गेला. अखेर पैसे परत देण्याची तयारी दाखवावी लागली. बाहेरच्यास ही बाब क्षुल्लक वाटेल, पण देणाऱ्यास न विचारता शब्द बदलला गेला होता, आणि तेवढ्यावर रागावणे आम्हांस रास्त वाटते.

याउलट वर्गणीदारानेही आपली पायरी ओळखावयास हवी. येथे ‘मंथन’ चित्रपटाचे उदाहरण आठवते. गुजरातच्या दूध सहकारी संघांतील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्या दहा लाखांतून १९७६ साली आपल्या हैदराबादकडचे श्याम बेनेगल यांनी तो काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची. पैसे देणाऱ्यांच्या चळवळीवरचा चित्रपट, तेव्हा त्यात चळवळीची आरती ओवाळली असती तरी चालले असते. पण त्यात गावातली जातींची दरी आहे, संस्थेतली भांडणे आहेत, आणि बाहेरून आलेला डॉक्टर शेवटी गाव सोडून जातो तेही आहे. दोन रुपये देणारे आपली स्तुती विकत घेत नव्हते, आणि बैलगाड्या-ट्रकांतून तो पाहावयास तेच गेले. २०२४ साली त्याची दुरुस्त केलेली प्रत कान येथील महोत्सवात दाखविली गेली. आजच्या खेळांचे रसिक मात्र नायकाच्या पोशाखापर्यंत सूचना करतात असे ऐकतो. पैसे दिले म्हणून लेखणीही हातात घ्यावी, हे आम्हांस पटत नाही.

आतापर्यंतचा संशय माणसाविषयीचा झाला. दुसरा एक संशय अधिक खोल आहे आणि तो गोष्टीविषयीचा आहे. कर्ता प्रामाणिक आहे, हिशेब चोख आहे, तरीही जुने परत येते काय?

मराठी रंगभूमीवर २०१० च्या सुमारास सुनील बर्वे यांनी ‘हर्बेरियम’ नावाचा उपक्रम केला. ‘सूर्याची पिल्ले’, ‘हमीदाबाईची कोठी’, ‘झोपी गेलेला जागा झाला’ अशी पाच जुनी नाटके पुन्हा रंगमंचावर आणली, आणि प्रत्येकाचे पंचवीसच प्रयोग करावयाचे असे आधीच जाहीर केले. ते वर्गणीचे काम नव्हते, पण पुनरुज्जीवनाचे होते. नावही अर्थपूर्ण. हर्बेरियम म्हणजे वाळवून जपलेल्या पानाफुलांचा संग्रह. तेथे कोणी फूल पुन्हा उमलेल असे वचन देत नाही. पंचवीस प्रयोगांच्या मर्यादेत तोच समंजसपणा आम्हांस दिसतो.

शेनम्यूचा तिसरा भाग आला तेव्हा अनेकांनी तक्रार केली की याची चाल अठरा वर्षांपूर्वीचीच आहे. नेमक्या त्याच कारणाने दुसऱ्या कित्येकांना तो आवडला. दोघेही खरे बोलत होते. ज्याने सोळाव्या वर्षी एखादी गोष्ट उपभोगली त्यास ती परत हवी असते, पण तिच्यासवे ते सोळावे वर्षही हवे असते, आणि ते वर्ष कोणत्याही कारागिराच्या दुकानात मिळत नाही. शिवाय कारागीरही म्हातारा झालेला असतो. या संशयास उत्तर नाही. असा संशयी मनुष्य पैसे देत नसेल तर त्याच्यावर कृतघ्नपणाचा आरोप करणे अन्यायाचे होय, कारण तो आपल्या आठवणीचे रक्षण करीत असतो.

मात्र एका संशयवाद्यास आम्ही इतक्या सहज सोडणार नाही. तो म्हणजे, होऊ द्या, मग बघू, असे म्हणून कुंपणावर बसणारा. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून स्वदेशी उद्योगासाठी ‘पैसा फंड’ काढला. तेव्हाचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. एक लाख माणसांनी एकेक पैसा दिला तरी जमणार १५६२ रुपये ८ आणे! या आकड्यावर कोणताही शहाणा हसेल. तरी त्या फंडातून १९०८ साली तळेगावास काचेचा कारखाना उभा राहिला, जपानात काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तो चालवावयास आले, आणि तेथे शिकलेली माणसे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेली. सगळेच शहाणे कुंपणावर बसते तर चौसष्ट पैशांचा एक रुपयाही झाला नसता. कुंपणावरच्या माणसाने काही पाप केलेले नाही, हे कबूल. पण कारखाना उभा राहिल्यावर ‘आपला कारखाना’ म्हणताना त्याने किंचित अडखळावे.

आपल्या जिल्ह्यातील मराठी घरे आता विखुरलेली आहेत. १९५६ साली किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, मुले हैदराबाद-पुण्यास पांगली. एखादे जुने वाचनालय किंवा नाट्यमंडळ पुन्हा चालू करावे अशी यादी फिरते तेव्हा देणारे मूठभरच असतात, आणि म्हणूनच हिशेब विचारणाऱ्यास फार लवकर विघ्नसंतोषी ठरविले जाते. आमचे मत स्पष्ट आहे. ज्याने पाचशे रुपये दिले आणि पावती मागितली, तो ज्याने पाच हजार दिले आणि विसरला त्याच्यापेक्षा संस्थेस अधिक जवळचा. पहिला पुढच्या सभेस येतो.

इंद्रवेल्ली मंडलातील केसलापूरचे नागोबाचे देऊळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. पौषातल्या जत्रेस आपली माणसेही जातात. गोंडांच्या मेस्राम कुळाने आपसांत वर्गणी करून काही कोटी रुपये उभे केले, देऊळ नव्याने दगडात बांधले, आणि २०२२ च्या डिसेंबरात ते खुले झाले. तेथे देणारा ग्राहक नव्हता, तो कुळातला होता, आणि दगडावर दगड चढताना त्यास येता-जाता दिसत होता. एवढ्या जवळून पाहणाऱ्यास वेगळा अहवाल कशास हवा? ६९ हजार माणसे जगभर पसरलेली असली, एकमेकांची तोंडे त्यांनी पाहिलेली नसली, म्हणजे डोळ्यांची जागा कागदाने घ्यावी लागते. केतकरांचे वर्गणीदारही गावोगाव पसरलेले होते.

जाता जाता एक सांगावयाचे राहिले. शेनम्यूच्या तिसऱ्या भागातही ती कथा पुरी झाली नाही. तरुणाचा शोध चालूच आहे, सुझुकी यांना चौथा भाग करण्याची इच्छा आहे, आणि तो व्हावा म्हणून रसिकांचे मागणेही थांबलेले नाही. त्यांतले किती जण या खेपेस पैशाआधी मागचा हिशेब मागतात, हे पाहण्याची आम्हांस उत्सुकता आहे.