मोगलाई

रिक्षावाल्याने मीटरपेक्षा जास्त मागितले, की पुण्यात अजून ऐकू येते : "मोगलाई लागून गेलीय का?" बोलणारा कधी कधी शनिवारवाड्यासमोरच उभा असतो.

शब्द आधी मुलखाचा. निजाम मूळचा मोगलांचा सुभेदार, म्हणून त्याचा प्रदेश ती मोगलाई. मराठवाड्यातली जुनी माणसे 'मोगलाईत' असे नुसता पत्ता सांगावा तसे म्हणत. दिल्लीचा मोगल १८५७ साली संपला, निजामाचे राज्य १७ सप्टेंबर १९४८ रोजी. राज्ये बुडाली, शब्द जुलमाचे नाव होऊन तरला.

जुलमाला नाव द्यायचे झाले की माणूस हद्दीपलीकडे बघतो.

आणि घरचा जुलूम? त्याला राजवटीचे नाव मिळत नाही, एका माणसाचे मिळते. घाशीराम सावळदास, पुण्याचा कोतवाल. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याने कोंडलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या लोकांनी त्याला दगडांनी ठेचला. हा घाशीराम औरंगाबादेहून आलेला कनोजी. म्हणजे थेट मोगलाईतला! पुणेकरांची केवढी सोय झाली.

कोतवाल स्वतःहून होता येत नाही. नेमणूक लागते, वर्षानुवर्षांचे अभय लागते. ते देणारे नाना फडणवीस भाषेत साडेतीन शहाण्यांत जाऊन बसले. १९७२ साली तेंडुलकरांच्या नाटकाने बोट कोतवालावरून नानांकडे वळवले, तेव्हा वादळ उठले. ते नानांच्या आणि पुणेरी ब्राह्मणांच्या अब्रूसाठी. घाशीरामाची अब्रू आधीच खर्ची पडली होती.

'पेशवाई' हा शब्द मात्र पुण्यात मिरवतो : पेशवाई थाट, पेशवाई दागिने, लग्नात भाड्याने आणलेल्या पेशवाई पगड्या. पगडीखाली इतिहास शोधू नये, घाम असतो.

याच पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला पाऊलखुणा पुसायला कमरेला झाडू आणि थुंकी झेलायला गळ्यात मडके बांधावे लागे, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली न झालेल्या भाषणात लिहिले. त्याआधी १९२७ च्या १ जानेवारीला ते पेशव्यांविरुद्धच्या लढाईची आठवण असलेल्या कोरेगावच्या स्तंभापाशी जाऊन आले होते. आज त्याच तारखेला तिथे लाखो लोक जातात. त्यांच्या बोलण्यातही 'पेशवाई' येतो, पुण्यातल्याइतकाच सहज. जुलमासाठी त्यांना निजामाच्या मुलखातून शब्द आणावा लागत नाही.