तरण्यातले बुडणे

जळावर तरणारी वस्तू पाहताना आपली दृष्टी तिच्या वरच्या, कोरड्या भागावर खिळते आणि तेवढ्यावरून आपण म्हणतो की ती तरली. परंतु साधकहो, ज्याच्या बळावर ती तरली तो भाग पाण्याखाली असतो, आणि जे अंशमात्रही बुडाले नाही ते तरतही नाही. तरण्याच्या पोटात बुडणे आहे, एवढाच आजच्या चिंतनाचा विषय.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सिसिलीतील सिरॅक्यूजच्या आर्किमिडीजने तरत्या पदार्थांवर ग्रंथ रचला. बुडालेला भाग जेवढे पाणी बाजूला सारतो, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतके बळ पदार्थाला वर उचलते, हे त्याचे तत्त्व. नौकेत भार चढवावा तशी ती खाली जाते, आणि सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या एकूण वजनाशी बरोबर झाले की तेथेच स्थिरावते. भार नाहीसा होत नाही, तो तोलला जातो; आणि तोलण्यासाठी लागणारे माप बुडण्यानेच भरते.

हे बळ येते कोठून? द्रवाचा दाब खोलीबरोबर वाढतो. पाण्यात दर १० मीटरला तो सुमारे एका वातावरणाइतका अधिक होतो. बुडालेल्या अंगावर चहूबाजूंनी दाब असतो, आडवे दाब परस्परांना तोलून धरतात, आणि तळाकडचा दाब माथ्याकडच्या दाबाहून अधिक असल्यामुळे जी बाकी उरते, तीच आपला आधार. पाणबुड्याच्या कानांना जो दाब सोसवत नाही, त्याच्याच वाढत्या क्रमातून जहाज उचलले जाते. म्हणून बुडण्याची खोली हीच आधाराची खाण आहे.

मग लोखंडाचा गोळा बुडून तळाला का जातो? लोखंड पाण्याच्या सुमारे पावणेआठ पट जड. पूर्ण बुडूनही त्याला स्वतःच्या भाराजोगे पाणी सारता येत नाही. त्याच लोखंडाचा पत्रा करून त्याच्या आत पोकळी सांभाळली, की ते थोडेच बुडून पुष्कळ पाणी सारते. आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकणाऱ्याच्या पाठीला सुकवलेला भोपळा बांधत, त्याचे सामर्थ्य या रितेपणातच होते. घाबरलेला मनुष्य मात्र हात आणि डोके पाण्याबाहेर काढू पाहतो; जितके अंग बाहेर निघते तितका आधार उणावतो आणि तो अधिकच खाली जातो. अर्धवट बुडण्याचा आग्रहच त्याला पुरते बुडवतो.

किती बुडावे, हे आश्रयाच्या घनतेवरही ठरते. जहाजाच्या बाजूवरील भाररेषांमध्ये गोड्या पाण्याची रेषा समुद्राच्या रेषेहून वर असते, कारण तोच भार नदीत अधिक बुडवतो; आणि मृत समुद्राच्या दाट खाऱ्या जळावर माणूस सहज पडून राहतो. आश्रय जितका सघन, तितके थोडे बुडणे पुरते.

भवसागराची भाषा बोलणारे आपण बहुधा भार उतरावा म्हणून प्रार्थना करतो. जळाचा नियम मात्र भाराचे वावडे मानीत नाही. अंतरी अहंतेचे भरीव लोखंड न राहता पोकळी असावी, आणि आपल्या भाराला शोभेल इतके खाली उतरण्याची तयारी असावी, एवढेच तो मागतो. शरणागतीत उणे राहिले तर आधारही तितकाच उणा मिळतो, ही कठोरता नव्हे. दोहोंचे माप मुळात एकच आहे.