उसना आवाज



आषाढी जवळ आली की आपल्या सोलापुरात प्रल्हाद शिंदे यांचा आवाज टाळू म्हटले तरी टळत नाही. चहाची टपरी, पंढरपूरकडे निघालेल्या गाड्या, मंडपातला लाऊडस्पीकर, सगळीकडे तोच. आधी तबकड्या होत्या, मग कॅसेट आल्या. नवी कॅसेट निघाली की दुकानदार ती दिवसभर दारात वाजवीत. आता तीच गाणी मोबाईलवर ऐकली जातात आणि मुलगे आनंद व मिलिंद, नातू आदर्श यांचीही गाणी त्यांच्या जोडीला असतात. शिंदे २००४ साली वारले, पण पंढरीची वाट म्हटली की अजून आधी त्यांचाच गळा आठवतो.

ख्रिस्ती घरात ही गाणी ऐकावीत का, असे काही जण विचारतात. त्यावर मी फार वेळ घालवणार नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ सालीच सांगितले आहे की, इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही. शेजाऱ्याची आर्त हाक कानी पडल्याने कोणाची श्रद्धा बुडत नाही.

मला अधिक अवघड वाटतो तो दुसरा प्रश्न. प्रल्हाद शिंदे आंबेडकरी चळवळीचे गायक. त्यांची भीमगीते वस्तीवस्तीत गेली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यात पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. आणि विठ्ठल तर विष्णूचेच रूप मानला जातो. मग त्याच गळ्यातून विठ्ठलाची इतकी काकुळतीची विनवणी निघाली, ती खरी की खोटी?

आपल्या गायनवृंदात ढोलकी वाजवणाऱ्या एका तरुणाने हाच प्रश्न मला स्वतःपुरता विचारला. विठ्ठलाच्या गाण्यांच्या एका नव्या आल्बमसाठी त्याला वाजवायला बोलावले होते. पैसे बरे मिळणार होते, घरी गरजही होती. "फादर, मी तिथे वाजवणार आणि रविवारी इथे. यात खोटेपणा नाही का?"

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत ऑगस्टीन यांचे असत्यावरचे विवेचन आम्हाला अभ्यासाला होते. मनात एक आणि ओठांवर दुसरे, आणि तेही समोरच्याला फसवण्याच्या हेतूने, म्हणजे असत्य. गायक कोणाला फसवतो? ऐकणाऱ्याला ठाऊक असते की हे गाणे आहे. शिवाय गाण्यातला 'मी' हा गाणाऱ्याचा एकट्याचा नसतो. आपणच पाहा ना. मिस्सात आपण स्तोत्र म्हणतो, त्यात शत्रूंनी घेरल्याचा आणि देवाने टाकल्याचा आक्रोश असतो. त्या वेळी आपल्याला कोणी घेरलेले नसते. घरी मटणाचा रस्सा शिजत असतो. म्हणून का आपण खोटे बोललो? ऑगस्टीन म्हणतात, स्तोत्रातून हाक मारणारा एकटा माणूस नाही, ते ख्रिस्ताचे सगळे शरीर आहे. कुठेतरी कोणीतरी खरोखरच घेरलेला असतो. आपण त्याला आपला आवाज उसना देतो.

शिंद्यांनीही असाच आवाज उसना दिला, असे मला वाटते. शेतात राबणारी म्हातारी, जिला गाता येत नाही, तिची विनवणी त्यांनी गायली. त्यांच्या स्वतःच्या मनात काय होते हे तपासायला आपल्याला कोणी नेमलेले नाही.

याचा अर्थ काहीही चालते असा नव्हे. मिस्सात आपण 'आमेन' म्हणतो तेव्हा आवाज उसना देत नसतो, तिथे आपण स्वतः साक्ष देतो. त्या तरुणाला मी म्हणालो, वाजव. पण पूजा असेल तर भक्ताचे सोंग करू नकोस, आणि कोणी विचारले तर ख्रिस्ती असल्याचे लपवू नकोस.

आता ऐकणाऱ्यांविषयी. गाण्याच्या शब्दांपेक्षा सुरातच आपण अधिक रमलो, याची ऑगस्टीनना टोचणी लागे. आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागात त्यांनी ते कबूल केले आहे. सूर आवडावा आणि अर्थ बाजूला राहावा, ही त्यांची भीती. मला वेगळी भीती वाटते. सूर आवडतो आणि माणूस बाजूला राहतो.

शिंदे घराण्याचे गाव मंगळवेढा. संत चोखामेळाही मंगळवेढ्याचे. चौदाव्या शतकात तिथेच तटाच्या कामावर भिंत कोसळून ते गेले. पंढरपुरात त्यांची समाधी आहे ती मंदिराच्या महाद्वाराबाहेर. त्यांचे अभंग आत गायले जात आणि त्यांची माणसे पिढ्यानपिढ्या दाराबाहेर. साने गुरुजी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपाशी बसले, तेव्हा कुठे ते दार उघडले. त्या वर्षी प्रल्हाद शिंदे चौदा वर्षांचे होते. पुढे त्यांचाच आवाज त्या दाराशी घुमू लागला आणि ऐकणाऱ्या कोणाला विटाळ आठवला नाही. कानाला विटाळ होत नाही, असे दिसते. उंबरठ्याला होतो.

आपल्यापैकी अनेकांच्या आजे-पणज्यांनाही ते दार बंदच होते, हे विसरू नका. आणि तरीही आपल्या धर्मग्रामात काय चालते? एखाद्या मुलीचे गायन मिस्सात ऐकून आपण डोळे पुसतो. बाहेर आल्यावर तिच्या आईला म्हणतो, देवाचे देणे आहे हो. तिचेच स्थळ आपल्या मुलाला सांगून आले की हळूच चौकशी होते: "मूळचे कोण ते?" बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत असा रकाना नाही. तरी विचारणारे विचारतात, कधीकधी माझ्याच कार्यालयात बसून.

वेदीवरून हे मी याआधीही बोललो आहे. मुलांना ते पटते, अडते ते घरी. म्हणून या वर्षी विवाहपूर्व शिबिराचा पहिला दिवस वर-वधूंसाठी नसेल. त्या दिवशी फक्त आईवडिलांनी यायचे आहे.