स्वप्न सांगणारे मूल, ऐकणारा पिता



सूरह यूसुफच्या कथेचा आरंभ एका बालकाच्या बोलण्याने होतो. यूसुफ (अ.) आपल्या पित्याला स्वप्न सांगतात: अकरा तारे, सूर्य आणि चंद्र. हजरत याकूब (अ.) ते शांतपणे ऐकतात, त्याचे महत्त्व समजावतात आणि भावांना न सांगण्याविषयी सावधही करतात. मुलाची गोष्ट ऐकणे हे प्रेषितांच्या घरातही पित्याचे कर्तव्य होते.

सूरह रहमानमध्ये मानवाच्या निर्मितीपाठोपाठ त्याला अभिव्यक्ती शिकविल्याचा उल्लेख येतो. वाणी ही अल्लाहची देणगी आहे, आणि मुलाची वाणी ही आईवडिलांकडे सोपविलेली अमानत आहे. ती संवादात वाढते. हजरत अनस (र.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर एका लहान पक्ष्याशी खेळत असे. प्रेषित मुहम्मद (स.) त्या बालकाला त्या पक्ष्याची विचारपूस करीत. असा एक प्रश्न मुलाला बोलते करतो.

आज मूल जेवत नाही, रडते, म्हणून आपण त्याच्या हाती मोबाईल देतो. त्यावरील गोष्ट सुंदर असेल, कदाचित दीनी असेल. परंतु ती मुलाला उत्तर देत नाही, त्याचा अडखळलेला शब्द सावरत नाही. मूल तासन्‌तास ऐकते, पण त्याचे कोणी ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याची मर्यादा दिवसाला एक तास सांगितली, त्याहून लहानांसाठी तोही नको म्हटले, आणि बसल्या वेळी मोठ्यांनी वाचून दाखवावे, गोष्टी सांगाव्यात, असे सुचविले.

यंत्र स्वतः निषिद्ध नाही. कोकणातील कितीतरी वडील रोजगारासाठी आखाती देशांत आहेत. त्यांनी व्हिडिओ कॉलवर मुलाला दिवसभराची हकीकत विचारली, तर तोच मोबाईल संवादाचे साधन होतो.

म्हणून इशाच्या नमाजनंतर थोडा वेळ मोबाईल बाजूला ठेवावा. घरात कोकणी, दखनी, उर्दू, मराठी जी भाषा असेल, तीत एक गोष्ट सांगावी. मग मुलाला सांगू द्यावी, मध्येच तोडू नये.

दीर्घ ताटातुटीनंतर मातापित्यांची भेट झाली, तेव्हा यूसुफ (अ.) यांनी पित्याला बालपणीच्या त्याच स्वप्नाची आठवण करून दिली. ज्याचे बोलणे बालपणी ऐकले गेले, ते मूल मोठेपणीही मन मोकळे करायला आपल्याकडेच येईल, अशी आशा बाळगू या. अल्लाह आपल्याला ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.