भाजलेले मडके तेच असते का?

माध्यमिक शाळेच्या विज्ञानात भौतिक बदल आणि रासायनिक बदल यांचा भेद शिकवताना विद्यार्थ्याला एक सोपी खूण सांगितली जाते: बर्फ वितळले तरी पाणी हे पाणीच राहते, म्हणून तो भौतिक बदल; लोखंड गंजले की नवा पदार्थ तयार होतो, म्हणून तो रासायनिक बदल. ही खूण परीक्षेपुरती पुरेशी असली, तरी ‘नवा पदार्थ’ कशाला म्हणायचे, जुना पदार्थ नेमका केव्हा संपला आणि या स्थित्यंतरात काही टिकून राहिले असेल तर ते काय, हे प्रश्न तिच्या पोटात दडलेले असतात, आणि त्यांचा जन्म प्रयोगशाळेत झालेला नाही. न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांनी हेच प्रश्न कुंभाराच्या आव्यापाशी उभे केले, आणि कच्चे काळपट मडके भाजून लाल झाले असता ते पूर्वीचेच असते की दुसरे, यावर कित्येक शतके वाद घातला.

वैशेषिक दर्शनाची सूत्रे कणादाच्या नावावर आहेत आणि प्रशस्तपादाच्या ‘पदार्थधर्मसंग्रह’ या ग्रंथात त्या विचाराला व्यवस्थित रूप मिळालेले दिसते. या दर्शनाने मानलेल्या नऊ द्रव्यांपैकी पृथ्वी, जल, तेज आणि वायू ही चार परमाणुरूप आहेत. परमाणू म्हणजे ज्याचे आणखी तुकडे होऊ शकत नाहीत असा, डोळ्यांना न दिसणारा आणि कधीही नाश न पावणारा कण. तो मानलाच पाहिजे, कारण वस्तूचे विभाजन अनंत काळ चालू राहते असे धरले तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा या दोघांनाही सारखेच अनंत अवयव पडतील आणि त्यांच्या आकारातल्या फरकाला कारणच उरणार नाही. दोन परमाणू मिळून द्व्यणुक आणि तीन द्व्यणुके मिळून त्र्यणुक होते, आणि खिडकीतून आलेल्या उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारा बारीक कण म्हणजे हे त्र्यणुक, अशी त्याची ओळख सांगितली जाते.

या चौघांपैकी पृथ्वीच्या परमाणूंचे रंग, रस, गंध आणि स्पर्श हे गुण अग्नीच्या संयोगाने बदलतात. या बदलाला ‘पाक’ आणि त्यातून उपजलेल्या गुणांना ‘पाकज’ गुण म्हणतात. पाण्याला मात्र पाक नाही, त्याचा स्पर्श स्वभावतःच शीत असतो, आणि तापलेल्या पाण्यात जाणवणारी उष्णता ही त्यात शिरलेल्या तेजाच्या कणांची असते. सोन्याची गणना तर या दर्शनाने पृथ्वीत न करता तेजात केली, कारण वितळलेले तूप फार तापवले तर त्याचा द्रवपणा नष्ट होतो, परंतु सोन्याचा द्रवपणा कितीही प्रखर अग्नीत टिकून राहतो. आजच्या विद्यार्थ्याला हा निष्कर्ष विचित्र वाटेल. पण द्रव्याची जात ठरवताना ते आगीत कसे वागते हे पाहावे, ही दृष्टी त्याने हसण्यावारी नेऊ नये. लाव्हाझिए या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७८९ साली, ज्याचे आणखी विघटन करता येत नाही ते मूलद्रव्य अशी कसोटी लावून ३३ मूलद्रव्यांची जी यादी दिली, तिच्यातही प्रकाश आणि उष्णता यांना द्रव्य म्हणूनच जागा मिळाली होती.

वादाचा मुद्दा असा की पाक नेमका कुठे होतो. वैशेषिकांच्या मते तो सुट्या परमाणूंत होतो. परमाणूला ‘पीलु’ म्हणत असल्याने या मताला पीलुपाकवाद असे नाव पडले. अग्नीच्या आघाताने परमाणूंत गती उत्पन्न होते, ते एकमेकांपासून वेगळे होतात, द्व्यणुकापासून मडक्यापर्यंतचे सर्व अवयवी, म्हणजे अवयव जुळून बनलेल्या वस्तू, नष्ट होतात, सुट्या परमाणूंतला काळा रंग जाऊन तिथे लाल रंग येतो, आणि मग तेच परमाणू पुन्हा जुळून नवे मडके तयार होते. द्व्यणुकाच्या नाशापासून नव्या द्व्यणुकात लाल रंग येईपर्यंत नऊ क्षण लागतात, असा हिशेबही या परंपरेने मांडला आहे. मडके मोडल्यावाचून त्याच्या आतल्या, एकमेकांना बिलगून बसलेल्या परमाणूंपर्यंत अग्नी पोहोचणार कसा, हा या पक्षाचा मुख्य युक्तिवाद होता.

नैयायिकांना हे पटले नाही. ‘पिठर’ म्हणजे मडके, आणि पाक अखंड मडक्यातच होतो, म्हणून त्यांचे मत पिठरपाकवाद. मडके सच्छिद्र असते, त्याच्या सूक्ष्म रंध्रांतून तेजाचे कण आत शिरतात, आणि मडके न मोडताच आतबाहेर लाल होते. आव्यातून काढलेले मडके पाहताच ‘हे तेच’ अशी ओळख पटते, त्याचा आकार आणि संख्या बदललेली नसते, आणि आव्यात एकावर एक रचलेल्या मडक्यांपैकी खालची मधल्या काळात खरोखरच नष्ट होत असती तर वरची कोसळली असती. ही सारी घडामोड डोळ्यांना न कळण्याइतक्या वेगाने होते, असे वैशेषिकांचे उत्तर होते. पुढे सतराव्या शतकात अन्नंभट्टाने विद्यार्थ्यांसाठी रचलेल्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या ग्रंथावरच्या त्याच्याच ‘दीपिके’तही हे दोन पक्ष येतात, म्हणजे न्यायशास्त्राच्या प्राथमिक शिक्षणातही हा वाद टळत नव्हता.

आता ज्या मातीवरून हा वाद झाला ती माती कुठून येते हे पाहिले, तर पाकाची कथा आव्याच्याही फार आधी सुरू होते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग ज्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या कातळावर, उभा आहे तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा आहे. या खडकातील फेल्स्पार या खनिजात ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या सांगाड्यात सोडियम व कॅल्शियम अडकलेले असतात. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सौम्य आम्ल तयार होते, ते सोडियम आणि कॅल्शियम यांना सोडवून नदीच्या स्वाधीन करते, आणि उरलेले ॲल्युमिनियम व सिलिकॉन पाण्याचा अंश स्वतःत बांधून घेत पातळ पापुद्र्यांच्या नव्या खनिजांत, म्हणजे मृद्‌खनिजांत, मांडले जातात. भूशास्त्र या प्रक्रियेला रासायनिक विदारण म्हणते. कोकणासारख्या धुवाधार पावसाच्या प्रदेशात सिलिकाही वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी भरलेला जांभा मागे राहतो. पठारावर पाऊस कमी, म्हणून तिथे फुगणाऱ्या आणि वाळल्यावर भेगाळणाऱ्या मृद्‌खनिजांची काळी जमीन तयार होते. कुंभार आपल्या मातीत राख, वाळू किंवा घोड्याची लीद मिसळतो, तो मडके वाळताना तडकू नये म्हणून. वैशेषिकांनी गुणपरिवर्तनाचे श्रेय एकट्या तेजाला दिले होते, परंतु खडकाची माती करण्याचे काम मुख्यत्वे पाण्याचे आहे, आणि पाण्याला हजारो वर्षे लागलेली ही रचना आवा काही तासांत मोडतो.

आव्यात प्रथम मातीच्या कणांमध्ये अडकलेले मोकळे पाणी वाफ होऊन जाते. हा भौतिक बदल होय, कारण इथवर तापलेले मडके पाण्यात भिजवले तर त्याचा पुन्हा चिखल होतो. साधारण ४५० ते ६०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मात्र खनिजाच्या रचनेतच बांधलेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने बाहेर पडतात आणि पापुद्र्यांची सुबक मांडणी विस्कटते. केओलिनाइट हे मृद्‌खनिज शुद्ध स्वरूपात १०० ग्रॅम घेतले तर त्यातून असे सुमारे १४ ग्रॅम पाणी निघून जाते. मातीतली पिवळसर, पाणी धरून असलेली लोहसंयुगेही आपले पाणी गमावतात आणि लाल हेमॅटाइट तयार होते. आव्यात हवा कोंडली तर ऑक्सिजनच्या अभावी लोहाचे काळे ऑक्साइड होते. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ साली झालेल्या उत्खननात सापडलेली ताम्रपाषाणयुगीन भांडी लाल अंगावर काळी नक्षी असलेली आणि टिचकी मारल्यास खणखणीत वाजणारी आहेत. कणादाच्या सूत्रांच्या कितीतरी आधीपासून दख्खनच्या कुंभाराच्या हाताला हा पाक ठाऊक होता.

या ज्ञानाच्या आधारे जुन्या वादाचा निवाडा करू गेल्यास दोन्ही पक्षांची बाजू अर्धीअर्धी उरते. बदल अगदी खोलवर, अणूंच्या परस्परबंधांपर्यंत जातो आणि जुने खनिज खरोखरच नष्ट होते, हे वैशेषिकांचे म्हणणे टिकते. मडके मधल्या काळात विखुरत नाही आणि ते सच्छिद्र असते, हे नैयायिकांचे. परंतु जे दोघांनीही गृहीत धरले होते तेच नेमके टिकत नाही: रंग हा परमाणूचा गुण नाही. लोहाचा सुटा अणू लालही नसतो आणि काळाही नसतो. हेमॅटाइटमध्ये लोह व ऑक्सिजन ज्या रीतीने जोडलेले असतात तिच्यामुळे प्रकाशातला निळा-हिरवा भाग शोषला जातो आणि उरलेला भाग डोळ्यांना लाल दिसतो. तेच लोह हिराकसात हिरवट दिसते. अवयवीचे गुण अवयवांच्या गुणांतून येतात हा न्याय-वैशेषिकांचा लाडका सिद्धांत इथे थबकतो. आपल्याकडे अणुसिद्धांत पूर्वीच होता असे अभिमानाने सांगणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. डाल्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८०८ साली मांडलेला अणू तराजूतून निघाला होता, मूलद्रव्ये ठरावीक वजनी प्रमाणातच का संयोग पावतात याचे उत्तर म्हणून. पीलुपाकाच्या वादात तोलाला जवळजवळ स्थानच नाही. कणादाचा परमाणू तर्काचे अपत्य आहे, आणि त्याचे मोठेपण तर्काच्या मोजमापानेच ठरवावे.

या वादाला अलीकडे एक अनपेक्षित पुस्ती जोडली गेली आहे. भाजलेली माती आव्यातून निघाल्यापासून हवेतले पाणी अतिशय संथपणे पुन्हा आपल्या रचनेत बांधून घेते, आणि ते किती बांधले गेले यावरून विटेचे वा भांड्याचे वय काढण्याची एक पद्धत मँचेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये सुचवली. तिच्या अचूकतेविषयी मतभेद आहेत. पण त्या संशोधनात कँटरबरी शहरातील एका मध्ययुगीन विटेचे वय अवघे ६६ वर्षांच्या आसपास निघाले, आणि त्याचे कारण असे आढळले की दुसऱ्या महायुद्धातील बाँबहल्ल्याच्या आगीत ती वीट पुन्हा भाजली गेली होती. वीट तीच, भिंत तीच, पण तिच्या अंगातले घड्याळ आगीने शून्यावर आणले होते; वैशेषिकाने इथे नव्या विटेचा जन्म पाहिला असता आणि नैयायिकाने भिंतीकडे बोट दाखवले असते.

सुटे झालेले परमाणू पुन्हा मडक्याच्याच आकारात का जुळतात, या प्रश्नाला वैशेषिकांनी दिलेले उत्तर धार्मिक आहे: ज्यांना त्या मडक्याचा उपभोग घ्यायचा आहे त्यांचे अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्मातून साचलेले धर्म आणि अधर्म, परमाणूंना गती देते. लोहचुंबकाकडे सुईचे सरकणे आणि ज्वालेचे वर जाणे यांचेही कारण सूत्रांत अदृष्टच सांगितले आहे. रसायनशास्त्र त्या जागी विद्युत्‌प्रभार आणि ऊर्जा यांचे नियम ठेवते, आणि त्यांतून मडक्याचा धनी कोण हा प्रश्न गळून जातो. हा लाभच आहे असे सरसकट म्हणता येणार नाही, कारण जड सृष्टीचे वागणे आणि माणसाच्या कर्माचे फळ यांना एका सूत्रात ओवण्याचा जो प्रयत्न वैशेषिकांनी केला, त्याची जागा दुसऱ्या कशानेही भरलेली नाही. मात्र अदृष्टाने सर्वच गोष्टींचे उत्तर देता येत असल्यामुळे कोणत्याही एका गोष्टीचा शोध घेण्याची निकड त्यातून निर्माण झाली नाही, हेही तितकेच खरे.

या दर्शनाला त्याचे नाव ज्या ‘विशेष’ या पदार्थावरून मिळाले, तो ‘तेच की दुसरे’ या मूळ प्रश्नाशी निगडित आहे. सर्व बाबतींत सारखे असलेले दोन पार्थिव परमाणूही मुळात दोन आहेत, कारण प्रत्येकात स्वतःचा असा एक अंतिम भेदक धर्म असतो, आणि योग्यांना तो प्रत्यक्ष दिसतो, असे प्रशस्तपाद सांगतो. विशेष नसता तर ‘तेच परमाणू पुन्हा जुळले’ या विधानाला अर्थच राहिला नसता. आधुनिक भौतिकी याच ठिकाणी वैशेषिकांपासून सर्वांत दूर जाते. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ साली प्रकाशकणांची मोजणी त्यांना परस्परांपासून अविभेद्य धरून केली तेव्हाच ती प्रयोगाशी जुळली. पुढे हेच द्रव्यकणांविषयीही आढळले, आणि आज एकाच जातीच्या व एकाच अवस्थेतल्या दोन अणूंना तत्त्वतःही वेगळी ओळख नाही असे मानले जाते. भाजण्याआधी मडक्यात लोहाचे जितके अणू होते तितकेच नंतरही आहेत, हे तराजूच्या आधारे सांगता येते. ते ‘तेच’ आहेत की नाहीत, हे विचारण्याची सोय या भौतिकीने ठेवलेली नाही, आणि वैशेषिकाला ती सोडून देणे परवडणारे नव्हते.