परत खेळायला आलेला माणूस

'स्क्विड गेम' या कोरियन मालिकेच्या दुसऱ्या भागात एक मतदान होते. पहिल्या खेळात ४५६ स्पर्धकांपैकी २५५ जण गोळ्या लागून मेलेले आहेत, उरलेले २०१ जण हादरून गेले आहेत. बहुमत झाले तर खेळ थांबेल, असे कलम त्यांनी सही केलेल्या करारातच असते. एकेक जण पुढे येतो, बटण दाबतो आणि बाजूला होतो. १०० विरुद्ध १०० अशी बरोबरी होते. शेवटचे मत एका आजारी म्हाताऱ्याचे. तो थांबण्याच्या बाजूने कौल देतो आणि सगळ्यांची सुटका होते. पुढे काही दिवसांतच त्या २०१ पैकी १८७ जण आपल्या पायांनी परत येतात. या वेळी आत काय आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते.

प्रेक्षकांत जी फूट पडली, ती इथे. १७ सप्टेंबर २०२१ रोजी नेटफ्लिक्सवर आलेली ही मालिका पहिल्या चार आठवड्यांत जगभरच्या १४ कोटींहून अधिक घरांत पाहिली गेली. एवढ्या प्रेक्षकांत रक्तपात, अभिनय, रंगसंगती यांवर मतभेद होणारच. खरा आणि टिकून राहिलेला मतभेद मात्र नीतीचा आहे. एक पक्ष म्हणतो, हे लोक स्वतःहून आले, पैशाच्या लोभाने आले. मग त्यांच्या मरणाचा दोष फक्त खेळ मांडणाऱ्यावर कसा टाकायचा? दुसरा पक्ष म्हणतो, बाहेर सावकार दाराशी उभा असताना 'स्वतःहून' या शब्दाला काही अर्थ उरत नाही. संमती म्हणजे काय आणि ती कधी खरी मानायची, हा धर्मशास्त्राचा आणि तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न या मालिकेने घराघरात नेला.

बेळगावच्या दक्षिणेकडील खासबाग, शहापूर, वडगाव या विणकरांच्या वस्त्या. इथे हा वाद पुस्तकी राहत नाही. दुसऱ्याच्या सुतावर, दुसऱ्याने दिलेल्या बीमवर, नगामागे ठरलेल्या मजुरीने साडी विणणारा माणूस कामावर आपल्या मर्जीनेच येतो. आजारपणासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी मालकाकडून आगाऊ रक्कम घेतली असेल, तर ती फिटेपर्यंत दुसरीकडे जाणे त्याला जड जाते, हेही तितकेच खरे. हिंदीत डब झालेल्या मालिकेतला अली अब्दुल अशा घरात परका वाटत नाही. तो कोरियात राबायला गेलेला पाकिस्तानी कामगार आहे, मालकाने त्याची मजुरी थकवली आहे आणि बायको-पोर त्याच्यावर अवलंबून आहेत. ही भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठी यांनी केली. अलीने खेळात यायला होकार दिला हे खरे. पण त्याला नकार देणे कितपत परवडणारे होते?

भारतीय परंपरेत या प्रश्नाची सर्वांत सखोल चर्चा महाभारताच्या सभापर्वात आहे, आणि तीही जुगाराच्याच प्रसंगात. युधिष्ठिर धन हरतो, राज्य हरतो, मग नकुल, सहदेव, अर्जुन, भीम अशा क्रमाने भाऊ हरतो, स्वतःला हरतो आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावतो. तिला सभेत आणायला प्रातिकामी नावाचा दूत येतो. द्रौपदी रडत नाही. ती त्याच्याकरवी सभेला विचारते: राजा आधी स्वतःला हरला की आधी मला? जो स्वतःचाच उरला नाही, तो दुसऱ्याला पणाला कसा लावतो? प्रश्न कायद्याचा दिसतो, पण त्याच्या पोटात संमतीचाच प्रश्न आहे. करार करणाऱ्याला करार करण्याचा अधिकार त्या क्षणी होता का, हे ती विचारते. भीष्म सांगतात की धर्माची गती सूक्ष्म आहे आणि निर्णय देण्याचे टाळतात. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या प्रश्नाबद्दल द्रौपदीलाच दोष दिला. त्या भर सभेत तिने पांडित्य करायला नको होते, असे त्यांचे मत. हे मत पटणे कठीण आहे. त्या सभेत नेमके बोलणारी ती एकटीच होती.

एकटी म्हणताना विकर्णाला विसरून चालणार नाही. दुर्योधनाचा हा धाकटा भाऊ उभा राहून जे म्हणतो, ते आजच्या वादाला थेट लागू पडते. शिकार, मद्य, द्यूत आणि स्त्रीसंगाची अती आसक्ती ही राजांची चार व्यसने. त्यांत गुंतलेला माणूस धर्म सोडून वागतो आणि अशा अवस्थेत त्याने केलेली कृती लोक केलेली मानत नाहीत. शिवाय युधिष्ठिराला कपटी जुगाऱ्यांनी आव्हान देऊन खेळायला बसवले होते. म्हणजे विकर्णाच्या मते होकार तोंडून निघाला एवढ्याने तो होकार ठरत नाही. तो कोणत्या मनःस्थितीत आणि कोणाच्या डावपेचातून निघाला हे पाहावे लागते. कर्ण त्याला पोरकट ठरवून गप्प करतो.

यापुढचा भाग मालिकेच्या सर्वांत जवळ जातो. धृतराष्ट्र घाबरून द्रौपदीला वर देऊ करतो. पहिल्या वराने ती युधिष्ठिराला सोडवते. दुसऱ्याने उरलेल्या चौघांना सोडवते, तेही त्यांच्या रथांसह आणि धनुष्यांसह. तिसरा वर ती घेत नाही. सुटका नुसती असून भागत नाही, हातात साधन लागते, हे तिने नेमके ओळखले होते. पांडव इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागतात. तोच मागून निरोप येतो: पुन्हा एक डाव. हरणाऱ्याने बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास भोगायचा. युधिष्ठिराला परिणाम कळतो, तसे तो बोलूनही दाखवतो, आणि तरीही मागे फिरतो. वडीलधाऱ्याची आज्ञा मोडता येत नाही, हे त्याचे कारण. सोडणाराही धृतराष्ट्र आणि परत बोलावणाराही तोच.

मालिकेतही हेच आहे, आणि बऱ्याच प्रेक्षकांच्या नजरेतून ते निसटते. पहिल्या मतदानात निर्णायक मत देणारा १ क्रमांकाचा म्हातारा हा खेळाचा संस्थापक असतो. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पर्वात पहिला खेळ संपल्यावर ३६५ जण उरतात. १८३ विरुद्ध १८२ असा कौल खेळ चालू ठेवण्याच्या बाजूने पडतो. तिथेही शेवटचे मत १ क्रमांकाच्या स्पर्धकाचे आणि तोही वेषांतर करून बसलेला खेळाचा सूत्रधार. एकदा मालकाच्या मताने सुटका झाली, एकदा मालकाच्याच मताने अडकणे झाले. मतपेटी होती, म्हणून निवड मोकळी होती, असे म्हणणाऱ्यांनी या दोन मतांकडे नीट पाहायला हवे.

तरी पहिल्या पक्षाचे म्हणणे सगळे खोडता येत नाही, आणि त्याला बळ युधिष्ठिरच देतो. त्याला कोणाचे कर्ज नव्हते. वनपर्वात भीम त्याला टाकून बोलतो तेव्हा तो कबूल करतो की दुर्योधनाचे राज्य जिंकून घ्यावे या इच्छेने आपण फासे हातात घेतले होते. धर्मराजाच्या तोंडी ही कबुली घालणाऱ्या कवीच्या प्रामाणिकपणाला तोड नाही. म्हणजे गरज नसतानाही माणूस परत येतो. भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाचा प्रश्न हाच आहे: इच्छा नसताना, जणू कोणी बळजबरीने जुंपल्यासारखा माणूस पाप का करतो? उत्तर मिळते: काम आणि क्रोध. बळजबरी आहे, पण ती आतली.

आतल्या बळजबरीचे सर्वांत ठसठशीत चित्र ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. पोपट फिरत्या नळीवर बसतो. त्याच्याच वजनाने नळी उलटते. पडू नये म्हणून तो ती पायांनी घट्ट धरतो आणि आपले पाय अडकले असे समजतो. त्याला कोणी बांधलेले नसते. पकड सोडली तर तो उडेल. टिळकांनी 'गीतारहस्या'त 'कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य' असे एक स्वतंत्र प्रकरणच या विषयाला दिले आहे. कर्माची साखळी मान्य करूनही माणसाला स्वतःच्या उद्धाराकडे वळण्याचे स्वातंत्र्य उरते, अशी त्यांची मांडणी आहे. ते स्वातंत्र्य नसते तर विधी, निषेध, उपदेश या सगळ्यालाच अर्थ उरला नसता.

पोपटाचा दृष्टांत सगळ्यांना सरसकट लावला की मात्र अन्याय होतो. मालिकेत खेळ पाहायला येणाऱ्या कंटाळलेल्या धनिकांना तो तंतोतंत बसतो. त्यांना कोणी धरलेले नाही. अलीची नळी खरी आहे, आणि खाली खोल विहीर आहे. पकड सोड म्हणून त्याला सांगणारा संत नसतो. बहुधा ज्याच्याकडे त्याची मजुरी अडकली आहे असा माणूस असतो.

भारतीय कायद्याने हा फरक उशिरा ओळखला. १८७२ च्या करार कायद्यात मोकळ्या संमतीला बाध आणणाऱ्या गोष्टी म्हणून धाकदपटशा, अवाजवी दबाव, फसवणूक, चुकीचे कथन आणि चूक या मोजल्या आहेत; भूक त्यात नाही. १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांसाठी चाललेल्या बांधकामांवरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. राज्यघटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदातील सक्तीच्या श्रमाचा अर्थ लावताना न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी सांगितले की आर्थिक परिस्थितीने दुसरा मार्गच न ठेवणे हीदेखील सक्ती आहे, आणि किमान वेतनाहून कमी मजुरीवर काम करणारा माणूस वरवर राजीखुशीने आलेला दिसला तरी ते सक्तीचेच काम आहे. विकर्ण जे व्यसनाबद्दल म्हणाला, ते इथे दारिद्र्याबद्दल म्हटले गेले.

याच सुमारास बेळगावपासून जवळच्या निपाणीत तंबाखूच्या वखारींत काम करणाऱ्या बायकांनी संघटना उभी केली. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. खाटात दिवसभर बसून, तंबाखूच्या धुळीने ठसकत काम करणाऱ्या या बायका नव्या वाटेला लागल्या त्या एकेकटीने नोकरी सोडून नव्हे. एकेकटीला ते शक्यच नव्हते. सगळ्यांनी मिळून काम थांबवले तेव्हा नकाराला वजन आले.

मग 'स्क्विड गेम'मध्ये सगळे मिळून नकार का देऊ शकत नाहीत? मतदानाची सोय तर आहे. उत्तर बक्षिसाच्या नियमात दडलेले आहे. एक माणूस मेला की काचेच्या गोळ्यात दहा कोटी वॉन पडतात; सगळे मिळून ४,५६० कोटी. शेजारचा जगणे हे आपले नुकसान आणि त्याचे मरणे ही आपली कमाई, अशी ही रचना आहे. ती किती विषारी आहे हे भिशीशी ताडून पाहिले की कळते. भिशीतही सगळ्यांचे पैसे एका जागी जमतात आणि एका वेळी एकालाच मिळतात, पण चिठ्ठी आज तुझी निघाली तर पुढे कधीतरी माझी निघणारच असते. कोणाच्या पडण्याने गठ्ठा वाढत नाही. लिलावाच्या भिशीत मात्र ज्याला निकड जास्त, तो जास्त घट सोसून आधी उचलतो. म्हणजे गरजेची किंमत गरजूच मोजतो. संमती तपासायची तर सही आणि मत यांच्या आधी हा नियम तपासावा लागतो. जिथे दुसऱ्याच्या नाशानेच वाटा वाढतो, तिथे मतदान घेणे म्हणजे लोकांच्या हातून त्यांचीच एकी मोडून घेणे आहे. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक यांनी ही कथा २००८-०९ च्या सुमारास, स्वतः कर्जात असताना लिहायला घेतली होती. हा नियम इतका अचूक बसला आहे, याचे मूळ त्या दिवसांत असावे.

जून २०२५ मध्ये आलेल्या तिसऱ्या पर्वाच्या शेवटावर प्रेक्षक पुन्हा दुभंगले. नायक गी-हुन पहिल्या पर्वात सगळी रक्कम जिंकलेला आहे. त्याला ना कर्ज उरले आहे ना हाव, तरी खेळ मोडण्यासाठी तो परत आत जातो. तो खेळ मोडू शकत नाही. शेवटी आतच जन्मलेल्या एका तान्ह्या मुलीसाठी तो जीव देतो, आणि खेळ जगात दुसरीकडे चालूच असल्याचे दिसते. अनेकांना हे मरण वाया गेल्यासारखे वाटले: एवढे सोसून काय बदलले? फळावरून कृतीची किंमत ठरवायची असेल तर हा आक्षेप बिनतोड आहे. पण गरजेने परत येणे आणि व्यसनाने किंवा मानापोटी परत येणे यांखेरीज परत येण्याचा तिसराही एक प्रकार आहे, आणि त्याला फळाचे माप लागत नाही. कोरियातल्या बौद्ध देवळांत क्षितिगर्भ बोधिसत्त्वाची उपासना फार आहे. तिथे त्याला जिजांग म्हणतात. नरक रिकामा होईपर्यंत आपण बुद्ध होणार नाही, ही त्याची प्रतिज्ञा. स्पर्धक सुटून घरी जातात आणि परत येतात, त्या दुसऱ्या भागाचे नावही 'नरक' असेच आहे.

महाभारतालाही हा तिसरा प्रकार माहीत आहे, आणि तो त्याने त्याच जुगारी राजाला दिला. स्वर्गारोहणपर्वात देवदूत युधिष्ठिराला अंधाऱ्या, दुर्गंधीने भरलेल्या वाटेने नेतो. वास असह्य होऊन तो मागे वळतो, तेव्हा चहूबाजूंनी आवाज येतात: क्षणभर थांब, तू आलास म्हणून बरे वाटते. कोण आहात, असे तो विचारतो. उत्तरे येतात: मी कर्ण, मी भीम, मी अर्जुन, मी द्रौपदी. युधिष्ठिर देवदूताला सांगतो की तू जा, मी इथेच थांबतो, माझ्या असण्याने यांना सुख होते आहे. ही एक परीक्षा आहे, हे त्याला त्या वेळी ठाऊक नसते.