घरांतील कष्टांचा हिशेब

दिवसभराचें काम आटोपून नवराबायको रात्रीं अंगणांत बसलेलीं असतात. एखाद्या क्षुल्लक कारणावरून शब्दास शब्द लागतो, आणि नवरा म्हणतो, "या घराचा सारा भार मीच वाहतों." बायको उत्तर देते, "मग मी काय दिवसभर बसून असतें?" असा प्रसंग ज्या घरीं कधींच घडला नाहीं असें घर विरळा. या दोघांपैकीं खोटें कोण बोलतें, असें वाचक विचारतील. आमचें म्हणणें असें कीं, बहुधा कोणीच खोटें बोलत नाहीं. दोघेंही प्रामाणिकपणें चुकतात. प्रामाणिक मनुष्य कसा चुकतो, हेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

सन १९७९ मध्यें मायकेल रॉस व फियोरी सिकोली या कॅनडांतील दोन मानसशास्त्रज्ञांनीं एक शोध प्रसिद्ध केला. त्यांनीं ३७ जोडप्यांपुढें संसारांतील २० बाबी ठेविल्या. न्याहारी करणें, भांडीं घासणें, मुलें सांभाळणें अशीं तीं कामें होतीं. प्रत्येकांत आपला वांटा किती, हें पतीस व पत्नीस निरनिराळें विचारलें. आतां दोघांचे वांटे मिळून काम पुरें एक भरावें, अधिक नाहीं. परंतु २० पैकीं १६ बाबींत सरासरी बेरीज एकाच्या पलीकडे गेली. मनुष्य फुशारकी मारितो, एवढाच याचा अर्थ असता तर नवल नव्हतें. पण भांडण उपस्थित करण्यांतील आपला वांटाही लोकांनीं, कमी प्रमाणांत कां होईना, वाढवूनच सांगितला. दोष कोणी फुशारकीनें आपल्या माथीं घेत नाहीं. तेव्हां या चुकीचें मूळ केवळ गर्वांत नाहीं. तें स्मरणांतही आहे.

आपण केलेलें काम आपल्या डोळ्यांनीं पाहिलेलें व आपल्या पाठीनें सोसलेलें असतें. म्हणून तें चटकन आठवतें. दुसऱ्याचें काम पुष्कळदां आपल्या पाठीमागें घडतें. पहाटे उठून जी पाणी भरते व चूल पेटविते, तिचे ते दोन तास निजलेल्याच्या हिशेबांत कोठून येणार? तसेंच शेतपंपास वीज रात्रीं आली म्हणजे जो काळोखांत पिकास पाणी देण्यास जातो, त्याचें जागरण घरांत निजलेलीस दिसत नाहीं. जें दिसलें नाहीं तें आठवत नाहीं, आणि जें आठवत नाहीं तें झालेंच नाहीं, असें मन नकळत ठरवून टाकितें. मग त्या अर्धवट हिशेबावर राग, अबोला व टोमणे यांची इमारत उभी राहते.

हें वाचतांना 'आमक्यानें हा लेख अवश्य वाचावा' असें वाचकांच्या मनांत आलें असेल. लिहितांना आमच्याही मनांत तेंच आलें! सन २००२ मध्यें एमिली प्रोनिन, डॅनियल लिन व ली रॉस या अमेरिकन संशोधकांनीं दाखवून दिलें कीं, अशा चुका इतर लोक करितात हें मनुष्यास सहज पटतें, परंतु आपण इतरांहून कमी चुकतों असें त्यास वाटतें. चुकीचें वर्णन समजावून दिल्यावरही पुष्कळांनीं आपलें स्वतःविषयींचें मत बरोबरच असल्याचें सांगितलें. यास्तव 'मी निःपक्षपाती आहें' या भावनेवर विसंबूं नये. ती भावना चुकणाऱ्यासही होते.

मग उपाय काय? सन २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें कीं, जे लोक सोबत्यांस 'इतर' या एका गठ्ठ्यांत न टाकतां प्रत्येकाच्या कामाचा वेगळा विचार करितात, त्यांचा स्वतःच्या वांट्याचा दावा कमी होतो. उपाय साधा आहे. आपला हिशेब मांडण्यापूर्वीं दुसऱ्याचा मांडावा. सासूनें सुनेचें, भावानें भावाचें, पंचानें सहकाऱ्याचें एकएक काम नांव घेऊन मोजावें. आणि जें ठाऊक नाहीं तें विचारावें.

येथें एक इशारा देणें आम्हांस अवश्य वाटतें. दोघेंही वाढवून सांगतात, म्हणून दोघांचे कष्ट समान आहेत, असें मात्र सिद्ध होत नाहीं. भारत सरकारनें सन २०१९ मध्यें लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. घरचें विनावेतन काम करणाऱ्या स्त्रियांचीं त्यांत दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें जात होतीं, तर तें काम करणाऱ्या पुरुषांचीं ९७. शिवाय तें काम करणाऱ्या स्त्रिया शंभरांत सुमारें ८१ होत्या, आणि पुरुष केवळ २६. पुरुष शेतांत वा चाकरींत राबतो हें खरें. पण चुलीजवळचे हे पांच तास कोणाच्या आठवणींत राहतात? 'तुलाही तसा भासच होतो' असें बोलून बायकोचें तोंड बंद करण्यास जो पुरुष या लेखाचा उपयोग करील, त्यानें यांतील एक अक्षरही जाणलें नाहीं. हिशेब दुसऱ्याचा दोष काढण्यासाठीं नव्हे, आपली बाकी ओळखण्यासाठीं करावयाचा आहे.

म्हणून वाचकहो, आज रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं आपल्या घरच्या मनुष्यानें आज काय काय केलें, तें पहाटेपासून क्रमानें आठवून पाहा. जेथें स्मरण अडेल तेथें तोंडानें विचारा. आणि उत्तर ऐकून लाज वाटली, तर ती लाज वायां जाऊं देऊं नका. उद्यां त्यांतील एक काम आपल्या हातीं घ्या. गोड शब्दांनीं अबोला सुटतो खरा, पण भार हलका होतो तो दुसऱ्या हाताच्या लागण्यानें.